दिवस मावळायच्या आत

मी भित्री बाई नाही, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही भलतंच समजाल. तेव्हा मी बारामतीच्या एका खासगी दवाखान्यात नर्स होते. उसाच्या ट्रॉलीखाली सापडलेली माणसं यायची, विळ्याकोयत्याच्या जखमा यायच्या, दारू पिऊन डॉक्टरांच्या अंगावर धावणारे नातेवाईक यायचे. त्यांना दंडाला धरून बाहेर काढायचं काम माझ्याकडंच असे. लहानपणी मेंढरांमागं हिंडताना मी लांडगा बघितलाय आणि त्याला दगडही हाणलाय. पण नव्वदच्या दशकातल्या एका जूनमध्ये, रॉटरडॅम नावाच्या शहरात, एका दिवसात मी जेवढी भ्याले तेवढी आधीच्या अठ्ठावीस वर्षांत मिळून भ्याले नसेन.

झालं होतं असं. माझा धाकटा भाऊ मालवाहू जहाजावर खलाशी होता. इंदापूर तालुक्यातल्या कळसच्या धनगराचं पोर समुद्रावर कसं गेलं ही वेगळीच कथा आहे, ती राहू दे. जहाजावर काम करताना जाड तारेचा दोर तुटला आणि त्याच्या पायावर बसला. जहाजानं त्याला रॉटरडॅमच्या बंदरात उतरवलं, दवाखान्यात घातलं आणि जहाज पुढं निघून गेलं. दहा दिवसांनी त्याचा फोन आला, तोही आमच्या दवाखान्याच्या काउंटरवर, कारण आमच्या वस्तीवर फोन कुठला?

"आक्का, पाय काढायचा म्हंत्यात," तो म्हणाला. "गुडघ्याखालनं. कागद घिऊन बसल्यात, सही कर म्हंत्यात. मी न्हाय केली."

"आरं, डॉक्टर म्हणत्यात तर काही..."

"त्यांचं मला काय कळतंय? तू यी. तू पाय बघ. तू म्हनलीस तर करतो सही. न्हायतर हाय असा घिऊन येतो घरी."

पाठोपाठ तिथला डॉक्टर बोलला. इंग्रजी सावकाश बोलत होता म्हणून समजलं. जखम सडायला लागली आहे, ताप उतरत नाही. फार तर चार-पाच दिवस वाट बघता येईल, पुढं पायाचा प्रश्नच राहणार नाही, माणूसच जाईल. पण पेशंट शुद्धीवर आहे आणि नको म्हणतोय, तर त्याच्या सहीशिवाय आम्ही हात लावणार नाही. तुम्ही ज्या दिवशी पोचाल त्या रात्रीपर्यंत सही मिळाली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं ऑपरेशन त्याचं. भेटायची वेळ संध्याकाळी आठपर्यंत आहे, तेवढं लक्षात ठेवा.

आखातात नोकरीला जायचं म्हणून मी पासपोर्ट काढून ठेवला होता, तो असा उपयोगी पडला. तिकीट आणि व्हिसाचं जहाजाच्या कंपनीनं बघितलं, पण एकाच माणसाचं. आबा म्हणाले, "तूच जा. आमी जाऊन काय बघनार? आमाला मेंढराचा पाय कळतो." आबा म्हणजे आमचे वडील. मेंढरं विकून त्यांना पाच वर्षं झाली होती, पण बोलण्यातून मेंढरं गेली नव्हती.

निघायच्या आदल्या दिवशी भावाशी परत एकदा बोलणं झालं, मिनिटभर. त्यानं विचारलं, "कवा येशील?" मी म्हणाले, "परवा दिवस मावळायच्या आत येते." हे काही मी ठरवून बोलले नाही. आमच्या घरात वेळ अशीच सांगतात. लहानपणी आम्ही दोघं मेंढरं घेऊन रानात जायचो तेव्हा आईला एवढाच शब्द द्यायचो, आणि तो कधी मोडला नाही. घड्याळ नव्हतंच. हात सरळ लांब करायचा, मूठ आडवी धरायची, मुठीची खालची कड रानाच्या रेघेवर ठेवायची. तिथून सूर्यापर्यंत जितक्या मुठी बसतील तितका दिवस शिल्लक. एक मूठ म्हणजे पाऊण तास. दोन मुठी उरल्या की मेंढरं माघारी वळवायची. आबांनी शिकवलेला हा हिशेब कधी चुकला नाही, म्हणून पुढं नर्सचं घड्याळ छातीला लावायला लागले तरी माझा खरा भरवसा मुठीवरच होता.

आईनं माझ्या पिशवीत दशम्या बांधल्या, शेंगदाण्याची चटणी बांधली आणि माझा हात घट्ट धरला. "माझ्या लेकराला पायासकट आन," म्हणाली. "तू नर्स हाईस न्हवं? मग सांग त्यास्नी." मी मान हलवली. त्या मान हलवण्याचा मला पुढं फार त्रास झाला.

घड्याळ मुंबईतच गेलं. विमानतळावर तपासणीला सगळं काढून ट्रेमध्ये ठेवा म्हणाले, मी ठेवलं, आणि पिशवी उचलली तशी घड्याळ विसरून पुढं गेले. विमानात बसल्यावर नाडी बघायच्या सवयीनं छातीकडं हात गेला, तेव्हा कळलं. इतकी चिडले स्वतःवर की शेजारचा माणूस सरकून बसला.

विमान दुपारी उतरलं, ॲमस्टरडॅमला. तिथून रॉटरडॅम तासभर लांब. कंपनीचा माणूस न्यायला येणार होता. मी बाहेर आले आणि समोर जे बघितलं त्यानं जागीच थबकले. काचा, उजेड, आपोआप सरकणाऱ्या पायऱ्या, आणि माणसं इतकी उंच की मला सगळ्यांचे कोपरच दिसत होते. कुणी कुणाशी मोठ्यानं बोलत नव्हतं. आपल्याकडं एवढी माणसं जमली तर केवढा कालवा होतो! इथं नुसता बुटांचा आवाज. माझ्या नावाची पाटी कुठं दिसेना.

आता आमच्यात एक शिकवण आहे. रानात चुकामूक झाली तर जागचं हलायचं नाही, शोधणारा येईपर्यंत तिथंच उभं राहायचं. हलणारं कोकरू सापडत नाही. मी तशी एका खांबाला पाठ लावून उभी राहिले, पिशवी दोन्ही पायांमध्ये धरून. कंपनीचा माणूस बिचारा दुसऱ्या दाराशी पाटी घेऊन उभा होता, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. तो हलत होता, मी हलत नव्हते, आणि मध्ये एक भिंत होती. किती वेळ गेला कुणास ठाऊक. पाय सुजले. तहान लागली, पण जागा सोडायची हिंमत होईना. शेवटी झाडलोट करणाऱ्या एका काळ्यासावळ्या बाईलाच माझी दया आली. तिनं माझ्या हातातला पत्त्याचा कागद बघितला, माझा दंड धरला आणि मला थेट आगगाडीत नेऊन बसवलं. तिची माझी भाषा एक नव्हती. मी तिला नमस्कार केला, तिनंही केला.

गाडीत मी एक डुलकी काढली आणि जाग आल्यावर घाबरून चुकीच्या स्टेशनावर उतरले. मग परत दुसरी गाडी. या सगळ्यात माझं डोकं पाट्यांवर आणि कागदावर होतं, वर घड्याळाकडं बघायचं सुचलंच नाही. एकच गोष्ट मनात चालली होती: आठच्या आत, आठच्या आत.

रॉटरडॅमला स्टेशनाबाहेर आले तर समोर मोठं मोकळं पटांगण आणि स्वच्छ ऊन. आधी ते ऊन बघूनच जिवात जीव आला. पटांगणापलीकडं एका इमारतीवर घड्याळ होतं. त्यात आठाला वीस मिनिटं कमी. मग वर सूर्याकडं बघितलं. तो चांगला वर होता! रुळांच्या अंगाला मोकळं होतं, तिकडं तोंड करून मी हात लांब केला आणि मूठ धरली. एक मूठ. वर दुसरी मूठ. भरल्या दोन. म्हणजे दिवस मावळायला दीड तास, म्हणजे साडेपाच. आणि मला हसू आलं. इंदापूरच्या बाजारात एका दुकानाच्या माथ्यावर घड्याळ होतं, ते माझ्या आठवणीत कायम सव्वाचारवर उभं असायचं. म्हटलं, एवढा गाजावाजा या युरोपचा, आणि यांचंही घड्याळ आपल्यासारखंच बंद पडलेलं! सबंध दिवसात मला धीर आला तो त्या एका क्षणी.

आठ वाजायला चांगला अडीच तासांचा अवकाश आहे, अशा खात्रीनं मी बाकावर बसले. नळावर तोंड धुतलं, वेणी घातली, साडीच्या निऱ्या नीट केल्या. आजारी माणसानं आपला घाबरलेला चेहरा बघू नये, हे आम्हाला नर्सच्या शिक्षणातच सांगतात. एक दशमी खाल्ली, बाकीच्या भावासाठी ठेवल्या. थंडी वाजत होती, जून असून. स्वेटरची बटणं लावली, काढली, परत लावली.

आज खरं सांगायला हरकत नाही. मी त्या बाकावर तोंड धुवायला बसले नव्हते. मला त्या दवाखान्यात जायचंच नव्हतं. डॉक्टरनं फोनवर जे सांगितलं होतं त्यावरून मला पायाचं कळून चुकलं होतं. दहा वेळा बघितलेत मी तसे पाय. मला माहीत होतं की मी पांघरूण बाजूला करणार, बघणार, आणि मग भाऊ माझ्या तोंडाकडं बघणार. आईपुढं हलवलेली मान आठवत होती. सूर्य दोन मुठी वर होता, तर तेवढ्या दोन मुठी मला बसायला मिळाल्या होत्या. त्या मला सोडवेनात.

शेवटी उठले. कागदावर कंपनीनं रस्त्याचा नकाशा काढून दिला होता. दोन-अडीच किलोमीटर, म्हणजे आमच्या वस्तीवरून गावात जाण्याएवढं. टॅक्सीवाला धिप्पाड होता, एकट्या बाईनं त्याच्या गाडीत कसं बसायचं? ट्राममध्ये कंडक्टरच दिसेना, दारं आपोआप उघडत होती आणि मिटत होती. म्हटलं नको, त्यापेक्षा चालत जाऊ.

आणि खरी भीती तिथून सुरू झाली. भर उन्हात सगळी दुकानं बंद! एक उघडं नाही. काचेच्या आत कपडे घातलेल्या बाहुल्या उभ्या, आत दिवे लागलेले, आणि दाराला कुलूप. रस्त्यावर माणूस नाही. एवढा रुंद, झाडलेला, चकचकीत रस्ता, आणि त्यावर माझी एकटीची लांबलचक सावली. साडेपाच-सहाला बारामतीच्या पेठेत पाय ठेवायला जागा नसते. माझ्या मनात नको नको ते यायला लागलं. दंगल झाली असेल. कुणी मोठा माणूस वारला असेल. साथ आली असेल आणि लोकांना घरात बसा म्हणून सांगितलं असेल, आणि आपल्याला ते कळलेलं नाही! खिडक्यांना पडदे नव्हते. एका घरात म्हातारा-म्हातारी टेबलाशी बसलेली दिसली, दोघांनी एकदम माझ्याकडं बघितलं. मी पदर डोक्यावरून घेतला आणि पाय उचलला.

मागून टिणटिण घंटा वाजली आणि सायकलवरचा माणूस अंगाला घासून गेला, जाताना काहीतरी ओरडला. मी सायकलींच्या वाटेवरून चालत होते म्हणे. मला काय माहीत? पुढच्या कोपऱ्यावर चार-पाच तरणी पोरं हातात बाटल्या घेऊन उभी होती. त्यातला एक माझी साडी बघून काहीतरी बोलला, बाकीचे हसले. माझ्या दवाखान्यात असता तर त्याची बाटली मी कुठं ठेवली असती ते त्याला कळलं असतं. पण तिथं माझ्या तोंडून शब्द फुटेना. मी रस्ता ओलांडून पळाले, अक्षरशः पळाले, पिशवी पोटाशी धरून, आणि पळताना नकाशावरचं वळण चुकले.

मग पाणी लागलं. घाणेरडं म्हणावं तर तसं नाही, पण काळं, आणि घरांच्या अगदी उंबऱ्याला लागलेलं. त्यावर पूल. पलीकडं गेलं की दवाखाना, असं नकाशा सांगत होता. मी पुलाशी पोचले आणि घंटा वाजायला लागली, तांबडे दिवे लागले, आणि माझ्या डोळ्यांदेखत रस्ता उठून उभा राहिला. हो, रस्ता! डांबरावरचे पांढरे पट्टे आभाळाकडं वर वर जायला लागले. मी किंचाळले. "आई गं!" म्हणून मी मागं सरले आणि खाली बसले, तशीच फुटपाथवर. नाव जायची म्हणून पूल उचलतात हे मला कुणी सांगितलेलं असतं तर कशाला भ्याले असते? मला वाटलं, हे शहर मला पलीकडं जाऊच देत नाही.

नाव गेली, रस्ता परत खाली आला. कुत्रं घेऊन एक वयस्क माणूस आला होता. त्यानं मला हात देऊन उठवलं. मी कागद दाखवला. त्यानं पुलापलीकडं बोट दाखवलं, मग आपल्या मनगटावरच्या घड्याळावर टकटक केलं आणि मान हलवली. मला वाटलं, वेळ लागेल, लांब आहे, असं म्हणतोय. मी सूर्याकडं बघितलं. अजून एक मूठ होती. म्हणजे सव्वासहा. म्हटलं, असू दे लांब, मी पोचते.

दवाखान्याचं काचेचं दार आपोआप उघडलं. आत टेबलामागं एक बाई बसली होती. मी भावाचं नाव सांगितलं, मी त्याची बहीण, भारतातून आले, असं इंग्रजी जुळवून सांगितलं. ती बाई नम्रपणे म्हणाली, "भेटायची वेळ संपली. आता उद्या या."

"नाही नाही," मी म्हणाले. "आठपर्यंत आहे. डॉक्टरांनी सांगितलंय."

"बरोबर," ती म्हणाली. "आता नऊ वाजलेत."

मी दाराकडं हात केला. बाहेर पायरीवर ऊन पडलं होतं. "ऊन आहे!" मी म्हणाले. याहून शहाणं काही मला सुचलं नाही.

तिनं भिंतीकडं बोट दाखवलं. भिंतीवर घड्याळ होतं. नऊ वाजून पाच मिनिटं. मी म्हणणार होते की बंद आहे, आणि तेवढ्यात सेकंदाचा काटा दिसला. तो फिरत होता. मी नर्स आहे, सेकंदकाट्यावर माझं आयुष्य गेलंय. मी त्याच्याकडं बघत राहिले, एक पूर्ण फेरा. मग ती बाई समजावून म्हणाली की इथं उन्हाळ्यात दहापर्यंत उजेड असतो, सूर्य तिरका, सावकाश उतरतो.

म्हणजे स्टेशनासमोरचं घड्याळ चालू होतं. म्हणजे दुकानं बंद होती कारण संध्याकाळ उलटली होती. म्हणजे मी बाकावर बसून दशमी खात होते, वेणी घालत होते, तेव्हा आठ वाजत होते. दिवसभर ज्या ज्या गोष्टींना मी भ्याले होते त्या सगळ्या एकदम खोट्या झाल्या आणि एकच खरी उरली: सही झालेली नाही, रात्र झाली आहे, आणि माझ्या भावाला वाटत असेल की आक्का आली नाही.

मग मात्र मी तोंड सोडलं. इंग्रजी संपलं तशी मराठीत सुरू झाले. "मी नर्स हाय! मला वर जाऊ द्या! तो माझ्याबिगर सही करनार न्हाय, मरंल तो!" टेबलावर हात आपटला. त्या शांत जागेत माझा आवाज घुमला. ती बाई घाबरली की काय, तिनं फोन उचलला, वर काहीतरी बोलली, ऐकलं, परत माझ्याकडं बघितलं. आता तिच्या बघण्यात फरक होता. "थांबा," म्हणाली. "वॉर्डातून सिस्टर खाली येतेय."

सिस्टर आली, पन्नाशीची, उंच. माझा हात हातात घेतला आणि लिफ्टकडं चालायलाच लागली. लिफ्टमध्ये म्हणाली, "तुम्ही आलात हे फार बरं झालं. सही केली नाहीये. झोपेची गोळीही घेत नाही. आणि संध्याकाळपासून त्याचं एक चाललंय, आम्हाला कुणाला समजत नाहीये. खिडकीकडं तोंड करून सूर्यावर मूठ उगारतो. थोड्या थोड्या वेळानं. आम्हाला वाटलं, चिडलाय. देवावर, नाहीतर आमच्यावर."

मला लिफ्टमध्येच रडू फुटलं. त्या बाईला वाटलं, मी घाबरले. मी तिला कसं सांगणार होते?

पाचव्या मजल्यावर खोली. दारातच मला वास आला आणि पायाचं जे काही उरलंसुरलं होतं ते मला न बघताच कळलं. भाऊ उशीला टेकून खिडकीकडं तोंड करून बसला होता. किती वाळला होता! खिडकीतून तिरपं ऊन त्याच्या तोंडावर पडलं होतं, आणि हात सरळ लांब, मूठ आडवी, काचेपलीकडच्या घरांच्या छपरांवर टेकवलेली. त्यानं मान वळवून मला बघितलं, पण हात खाली घेतला नाही.

"तीन बोटं हायती अजून," तो म्हणाला. "त्यांना म्हनलं, येतीया माझी भन. दिवस कुठं मावळलाय?"

"आरं, नऊ वाजून गेले. मला उशीर झाला रं."

"हितं दिवस लय लांब असतोय, आक्का. म्हनलं, बरंच हाय. तुला तेवढीच सवड."

मी त्याच्या तोंडावरून हात फिरवला. अंग चटका बसण्याएवढं तापलं होतं. मग मी हात धुतले आणि पांघरूण बाजूला केलं. दुसरं काही करण्यासारखं नव्हतंच. पट्टी सोडली, बघितलं, बोटं दाबून बघितली, घोट्यावर हात ठेवला, मग वर पोटरीवर. घोटा गार होता. काळेपणा पोटरीला चढायला लागला होता. जेवढा वेळ एखाद्या अनोळखी पेशंटला दिला असता तेवढाच दिला, एक मिनिट कमी नाही. त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं नाही. छताकडं बघत होता. तो मला सवड देत होता, हे मला कळत होतं.

इथवर मी ज्याला भ्याले होते ते हेच. पूल नव्हे, पोरं नव्हेत. हे चार शब्द.

"पाय ठेवता येणार न्हाय," मी म्हणाले. "गुडघा राहील. गुडघा मी त्यांच्याकडनं मागून घेते. पण पाय न्हाय."

"तू बघितलास न्हवं नीट?"

"बघितला."

"आय काय म्हनली?"

मी खोटं बोलणार होते. जमलं नाही. "पायासकट आन म्हनली."

तो लहानपणी रडायचा तसा रडला, आवाज न करता, तोंड उघडं टाकून. मी त्याचं डोकं पोटाशी धरलं. मीही रडले. सिस्टर दारात उभी होती, ती बाहेर गेली आणि तिनं दार ओढून घेतलं.

मग त्यानं चादरीला नाक पुसलं. "आण कागद," म्हणाला.

सिस्टरनं कागद आणला. टेकायला काही नव्हतं म्हणून मी कागदाखाली माझी पिशवी धरली, दशम्यांची. त्यानं सही केली, शाळेत घोटलेल्या गोल अक्षरात, पूर्ण नाव लिहून, आबांच्या नावासकट. सिस्टरनं कागद घेतला, वर वेळ लिहिली आणि धावतच गेली.

त्यानं परत हात लांब केला. या वेळी मूठ नव्हती, नुसती दोन बोटं आडवी. ती छपरांच्या आणि सूर्याच्या मध्ये बरोबर बसली. मग हात खाली घेतला, पांघरुणावर ठेवला आणि डोळे मिटले.

"आता मावळू दी त्याला," तो म्हणाला.

मावळायला त्याला अजून बराच वेळ लागला. तोवर मी खुर्ची ओढून घेतली आणि त्याच्या उशाशी बसून राहिले.